घडणावळ आणि मोड : ‘विक्रांत’ नौकेच्या निवृत्तीनंतरचे प्रकरण

पितळेचा जुना बंब विकायला नेला, की दुकानदार तो सर्वांत आधी काट्यावर ठेवतो. तो किती वर्षे वापरला, मधली नळी अजून धड आहे का, तोटी गळते का, याची चौकशी तो करत नाही, कारण त्याला बंब नको असतो, पितळ हवे असते. सराफाकडे जुना दागिना मोडायला नेला तरी हिशेब तोच असतो. सोन्याचे पैसे मिळतात आणि घडणावळ बुडते. ‘मोडीत देणे’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांत इतका रुळलेला आहे की त्यातला तोटा सहसा कोणाला टोचत नाही. पुनर्वापर या शब्दाखाली हल्ली ज्या अनेक गोष्टी एकत्र घातल्या जातात, त्यांत नेमका हाच फरक पुसला जातो. वस्तू वस्तू म्हणूनच पुढे वापरली तर घडणावळ वाचते. ती मोडून तिचा कच्चा माल केला तर मोड तेवढी हाती लागते, आणि त्या मोडीतून नवे काही घडवायचे तर पुन्हा भट्टी, पुन्हा इंधन आणि पुन्हा मजुरी लागते.

हा फरक समजून घेण्यासाठी मुंबईतले एक प्रकरण मला सर्वांत उपयोगी वाटते. ‘आयएनएस विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली आणि २२ नोव्हेंबर २०१४ रोजी दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिची तोडणी सुरू झाली. मधल्या जवळजवळ अठरा वर्षांत तिला संग्रहालय म्हणून वापरात ठेवण्याचा प्रयत्न झाला, काही काळ तो अर्धामुर्धा साधलाही, आणि शेवटी फसला. त्या काळात या विषयावर जे बोलले आणि लिहिले गेले, ते बहुतेक देशाभिमानाच्या अंगाने होते. ते स्वाभाविकच होते, परंतु त्यामुळे एक साधा प्रश्न मागे पडला : एवढी मोठी, इतक्या कष्टाने घडवलेली वस्तू वापरात ठेवायची तर दर महिन्याला कोणी काय करायला हवे होते, आणि ते का झाले नाही? हे टिपण त्या प्रश्नापुरते आहे.

अर्धवट सांगाड्यापासून विमानवाहू नौकेपर्यंत

विक्रांतचे स्वतःचे आयुष्यच पुनर्वापराने सुरू झाले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, इंग्लंडमधील टाइन नदीकाठच्या गोदीत ‘एचएमएस हर्क्युलिस’ या नावाने तिचा कणा घातला गेला. सप्टेंबर १९४५ मध्ये तिचे जलावतरण झाले, तोवर युद्ध संपलेले होते. ब्रिटनला इतक्या विमानवाहू नौकांची गरज उरली नव्हती आणि त्यांवर खर्च करण्याइतका पैसाही उरला नव्हता. मे १९४६ मध्ये तिचे काम थांबले. सुमारे तीन चतुर्थांश बांधून झालेला हा सांगाडा पुढची दहा वर्षे नुसताच उभा राहिला.

जानेवारी १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ या गोदीत तिचे उरलेले काम पूर्ण झाले, आणि ते जुन्या नकाशांप्रमाणे झाले नाही. मधल्या दशकात जेट विमाने आली होती, म्हणून तिला तिरकी धावपट्टी, विमानाला उड्डाणासाठी वेगाने पुढे ढकलणारे, वाफेवर चालणारे कॅटापुल्ट आणि वैमानिकाला उतरताना दिशा दाखवणारी आरशाची यंत्रणा बसवण्यात आली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्येच ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईला पोहोचली. चांगला पुनर्वापर कसा असतो, याचा हा नमुनाच म्हणता येईल. जुना सांगाडा होता तसाच राहिला, त्यात गुंतलेले पोलाद आणि श्रम वाचले, आणि नव्या गरजेला जेवढे लागत होते तेवढेच बदलले गेले.

तिच्याच वर्गातल्या ‘लेव्हायथन’ या नौकेचे काय झाले, हे शेजारी ठेवून पाहिले की या निवडीचे मोल कळते. लेव्हायथनचेही काम १९४६ मध्ये थांबले होते, परंतु तिला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि १९६८ मध्ये ती मोडीत निघाली. तरीही तिचे न वापरलेले बॉयलर वाया गेले नाहीत. आगीत नुकसान झालेल्या ‘कारेल डोरमन’ या डच विमानवाहू नौकेला ते बसवण्यात आले, आणि ती नौका पुढे अर्जेंटिनाच्या नौदलात गेली. म्हणजे अखंड वस्तू वाचली नाही, तरी तिचा एक संपूर्ण अवयव अवयव म्हणूनच दुसऱ्या शरीरात कामाला आला. अखंड वस्तू आणि निव्वळ धातू यांच्या मधली ही पायरी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण विक्रांतच्या बाबतीत शेवटी जे काही वाचले ते बहुतांशी याच पायरीवर वाचले.

१९७१ च्या युद्धात विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते. तिच्या वेगावर मर्यादा आलेली असूनही तिला बंगालच्या उपसागरात पाठवण्यात आले, आणि ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले. या मोहिमेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे तपशिलात जात नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की नौका सदोष असताना तिला बाजूला न काढता, दोष किती आणि तो सांभाळून काय साधता येईल याचा हिशेब जाणकारांनी केला. पुढे मोठ्या दुरुस्त्यांमध्ये तिचे बॉयलर बदलले गेले. ऐंशीच्या दशकात सी हॅरियर विमानांसाठी कॅटापुल्ट काढून तिच्या नाकाशी वर चढत जाणारी धावपट्टी, म्हणजे स्की-जंप, बसवण्यात आली. १९४५ साली पाण्यात उतरलेला सांगाडा अशा रीतीने नव्वदीच्या दशकापर्यंत कामात राहिला. अर्धशतकभर तो टिकला, कारण त्याच्याकडे रोज पाहणारी, त्याच्यासाठी पैसे मागणारी आणि ते कसे खर्च करायचे हे जाणणारी माणसे होती.

गोदीतली वर्षे

१९९४ नंतर विक्रांत समुद्रात गेली नाही. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिचे संग्रहालय करायचे हे जवळपास सर्वांनाच मान्य होते. नौदलाला ते हवे होते, राज्य सरकारने त्यात रस दाखवला होता आणि मुंबईकरांना ती नौका आपली वाटत होती. २००१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. शाळांच्या सहली तिच्यावर आल्या, उड्डाणाच्या डेकवर मुले धावली, खालच्या हँगरमध्ये ठेवलेली विमाने आणि हेलिकॉप्टर त्यांनी हाताच्या अंतरावरून पाहिली. मात्र ती उभी होती नौदलाच्या गोदीत. तो संरक्षित भाग असल्यामुळे कोणीही केव्हाही तिकीट काढून आत जावे, अशी सोय तेथे शक्य नव्हती. ठरावीक दिवसांपुरते दर्शन आणि एरवी बंद दार, असेच तिचे संग्रहालयपण राहिले.

या व्यवस्थेत तीन घरांचा पाहुणा उपाशी राहावा तशी तिची गत झाली. नौका नौदलाची, म्हणजे केंद्र सरकारची होती. संग्रहालय उभारण्याची जबाबदारी राज्य सरकारकडे जायची होती. पैसा आणि रोजचे व्यवस्थापन कोणा खासगी भागीदाराने आणावे अशी अपेक्षा होती. नौका मुंबईच्या समुद्रात ऑयस्टर रॉकजवळ कायमची बसवावी, अशी योजना चर्चेत राहिली. ती प्रत्यक्षात आली असती तर तरंगत्या नौकेचे बरेचसे प्रश्न संपले असते. परंतु त्यासाठी समुद्रात मोठे बांधकाम, पर्यावरणाच्या परवानग्या आणि प्रचंड भांडवल लागणार होते, आणि भागीदार काही मिळाला नाही. खर्चाचा अंदाज वाढत जाऊन शेवटी सुमारे ५०० कोटी रुपयांचा आकडा बोलला जाऊ लागला. तेवढा खर्च परवडणार नाही, असे राज्य सरकारने सांगितले.

आकडा वाढला तो केवळ महागाईने नव्हे. पोलादी नौका खाऱ्या पाण्यात उभी असते तेव्हा ती प्रत्येक दिवशी थोडी थोडी झिजत असते. पाण्याच्या रेषेजवळचा पट्टा, जो भरती-ओहोटीला आणि लाटांना कधी ओला, कधी कोरडा होतो, तेथे गंज सर्वांत वेगाने धरतो. पाण्याखालच्या पत्र्यावर शंख-शिंपल्यांचे थर बसतात. दर काही वर्षांनी नौका कोरड्या गोदीत घेऊन तळ खरवडणे, पातळ झालेले पत्रे बदलणे आणि पुन्हा रंग चढवणे हाच त्यावरचा उपाय आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कामावरच्या युद्धनौकेची निगा मुख्यतः तिच्यावर राहणारी माणसे राखतात. विक्रांतवर हजाराहून अधिक नौसैनिक असत. गंज दिसला की खरवडायचा, रंग उडाला की लावायचा, पंप चालवून पाहायचे, पाणी कोठे झिरपते ते शोधायचे, हे काम त्यांच्या रोजच्या पाळीचा भाग होते. ती माणसे उतरली आणि नौकेचे आयुष्य झपाट्याने आटू लागले. कोकणात ज्यांची घरे आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. चुलीचा धूर आणि माणसांचा वावर असेपर्यंत शंभर वर्षे उभे राहिलेले घर कुलूप लागल्यावर चार-पाच पावसाळ्यांत वाशांपासून खचू लागते.

म्हणूनच माझ्या मते या प्रकरणातली निर्णायक चूक २०१३ किंवा २०१४ मध्ये झाली नाही. ती १९९७ मध्ये झाली. निवृत्तीच्या दिवशी नौका ज्या अवस्थेत होती, ती अवस्था हेच तिच्या पुढच्या वापराचे खरे भांडवल होते, आणि ते भांडवल सांभाळण्याचा मासिक खर्च कोणाच्या खाती पडणार हे त्या दिवशी ठरलेले नव्हते. नौदलाने आपल्या परीने काही वर्षे तो उचलला, परंतु कामावरच्या नौकांसाठी लागणारा पैसा, माणसे आणि धक्क्यावरची जागा एका निवृत्त नौकेवर किती काळ खर्च करायची, याला मर्यादा होती. नौदलाला दोष देणे मला योग्य वाटत नाही. मोठ्या संग्रहालयाचे चित्र रंगवण्यात सर्वच पक्षांनी बराच वेळ घालवला, आणि दरम्यान राखण करण्याचे बिनचमकदार काम कोणाचेच ठरले नाही.

२०१२ मध्ये नौका लोकांना आत सोडण्याइतकी सुरक्षित राहिली नाही, म्हणून संग्रहालय बंद झाले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम नौदल विभागाच्या प्रमुखांनी ती मोडीत काढली जाणार असल्याचे सांगितले आणि डिसेंबरमध्ये लिलावाचा निर्णय झाला. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. नौकेची अवस्था जतन करण्याजोगी उरलेली नाही आणि त्यासाठी लागणारा पैसाही उपलब्ध नाही, या कारणांनी ती फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयानेही १४ ऑगस्ट २०१४ रोजी हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दोन्ही न्यायालयांसमोर आलेला प्रश्न मुळात उशिरा आलेला होता. गंजलेल्या तळाला न्यायालयाचा मनाई हुकूम लागू करता येत नाही.

दारूखाना

जानेवारी २०१४ मध्ये ऑनलाइन लिलावात विक्रांत सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली. तिचे प्रमाणित विस्थापन, म्हणजे ती जेवढ्या वजनाचे पाणी बाजूला सारत असे ते वजन, सुमारे १६,००० टन होते. त्यात दारूगोळा आणि इतर साठा धरलेला असतो, त्यामुळे निव्वळ नौकेचे वजन याहून कमीच भरणार. तरी अदमास काढायचा तर हा भाव किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास बसतो. बंबाच्या दुकानातला काटा येथे अवाढव्य होता, पण हिशेब तोच होता.

दारूखाना हा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचा, रे रोडजवळचा भाग आहे. पावडर बंदर, लकडी बंदर अशी तेथल्या धक्क्यांची नावे आहेत. येथील जहाजतोडणी भरतीच्या भरवशावर चालते. मोठ्या भरतीला जहाज किनाऱ्याकडे ओढून चिखलात बसवतात, आणि ओहोटी लागली की कामगार त्याच्याभोवती उतरतात. गुजरातमधील अलंग येथे १९८३ पासून फार मोठ्या प्रमाणावर हे काम होऊ लागले आणि दारूखान्याचे महत्त्व कमी झाले. तरी लहान आणि मध्यम जहाजांची तोडणी येथे चालू राहिली. विक्रांत मे २०१४ मध्ये येथे आली आणि न्यायालयाच्या अंतिम संमतीपर्यंत काही महिने तशीच उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये गॅस कटर पेटले.

जहाजतोडणीच्या बाजाराविषयी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगायला हवी. तेथे येणारे सगळेच भट्टीत जात नाही. जहाज कापण्याआधी त्यातून जे सुटे होते ते आधी काढले जाते : पंप, जनित्रे, झडपा, विजेच्या मोटारी, केबल, नांगर, साखळदंड, दोरखंड, लाकडी फर्निचर, स्वयंपाकघरातली भांडी, गोल खिडक्या, पितळेचे दिवे. यातला चालू स्थितीतला माल चालू मालाच्या भावाने विकला जातो, आणि त्याची पारख असलेले व्यापारी या भागात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. एखाद्या कारखान्याला नवा पंप परवडत नाही तेव्हा तो येथे येऊन जहाजाचा पंप घेऊन जातो. पुनर्वापराच्या कोणत्याही सरकारी धोरणाआधीपासून चालत आलेली ही व्यवस्था आहे आणि ती फार हुशार आहे. विक्रांतच्या बाबतीत मात्र संग्रहालयाच्या मोलाच्या बऱ्याच वस्तू आधीच काढून घेतलेल्या होत्या आणि यंत्रे दीर्घकाळ बंद होती. जे उरले ते मुख्यतः पोलाद होते.

त्या पोलादाच्याही दोन वाटा असतात. जहाजाचा पत्रा जाड, सपाट आणि बऱ्यापैकी एकसारख्या दर्जाचा असल्यामुळे त्याच्या पट्ट्या कापून, त्या केवळ लाल होईपर्यंत तापवून, रोलिंग मिलमध्ये थेट लाटता येतात. त्यासाठी अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस तापमान पुरते. दुसरी वाट पूर्ण वितळवण्याची आहे. तिला पंधराशे अंशांच्या वर जावे लागते आणि इंधनही त्या मानाने जास्त लागते. लाटण्याच्या वाटेने पोलादाची थोडी तरी घडणावळ वाचते, कारण खनिजापासून लोखंड आणि लोखंडापासून पोलाद बनवण्याचे सर्वांत खर्चिक टप्पे तर टळतातच, शिवाय वितळवण्याचा टप्पाही टळतो. मात्र ज्या तिरक्या धावपट्टीसाठी बेलफास्टच्या गोदीने इतकी वर्षे खर्च केली होती, तिचे अस्तित्व पट्टी कापली गेली त्याच क्षणी संपले.

या कामाची किंमत कामगार मोजतात, हेही येथे लिहायलाच हवे. १९४०-५० च्या दशकांतल्या नौकांमध्ये वाफेच्या नळ्यांभोवती ॲस्बेस्टॉसचे आवरण असे. जुन्या रंगांत शिसे असे, तळाच्या टाक्यांत तेलाचा गाळ असे. भारतात २०१९ मध्ये जहाजांच्या पुनर्चक्रीकरणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि याच विषयावरचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून जगभर लागू झाला. विक्रांत कापली गेली तेव्हा यातले काहीच अमलात नव्हते. ‘भंगाराचा पुनर्वापर म्हणजे पर्यावरणाचे रक्षण’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ओहोटीच्या चिखलात उभ्या असलेल्या त्या माणसांच्या फुप्फुसांचा हिशेब त्यात धरलेला नसतो.

धातूच्या आठवणी

तोडणीनंतर विक्रांतचा धातू दोन ठिकाणी ओळखीने वापरला गेला. २५ जानेवारी २०१६ रोजी मुंबईत नौदलाच्या गोदीजवळ विक्रांतच्या धातूपासून घडवलेल्या स्मारकाचे अनावरण झाले. त्यानंतरच्या महिन्यात बजाज ऑटोने ‘व्ही’ ही मोटारसायकल बाजारात आणली आणि विक्रांतचे पोलाद वितळवून ते तिच्या पेट्रोलच्या टाकीत वापरल्याचे जाहीर केले. या मोटारसायकलीने अनेकांच्या मनात हळवा कोपरा मिळवला. ज्यांच्या वडिलांनी किंवा काकांनी नौदलात नोकरी केली होती अशा घरांतून ती आवर्जून घेतली गेली असेल, तर त्यात मला काहीच वावगे वाटत नाही. परंतु पुनर्वापराच्या मोजपट्टीवर हे दोन्ही उपयोग मोडीचेच आहेत. त्या टाकीवर हात ठेवून विमानवाहू नौकेचे डेक किती रुंद असते हे कोणत्याही मुलाला कळणार नाही. जे कळू शकत होते ते नौकेच्या आकारात होते, तिच्या अरुंद जिन्यांत, बॉयलरच्या खोलीत आणि हँगरच्या उंचीत होते.

या संदर्भात गोव्याचे उदाहरण मला नेहमी आठवते. बोगमाळोजवळचे नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. विक्रांतच्या डेकवरून उडणाऱ्या सी हॉक आणि अलिझे या प्रकारांची विमाने तेथे उघड्यावर उभी आहेत आणि आजही लोक ती पाहतात. विमान लहान असते, जमिनीवर उभे राहते, आणि संग्रहालय नौदलाच्याच हाती आहे. मालक एक, जागा पक्की आणि निगेचा खर्च आवाक्यातला, या तीन गोष्टी जुळल्या की वस्तू टिकते. विक्रांतच्या बाबतीत तिन्हींपैकी एकही जुळली नाही.

विशाखापट्टणमच्या ‘कुरसुरा’ पाणबुडीचे प्रकरण याहूनही बोलके आहे. ती २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या आत, रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली. त्यासाठी तिला समुद्रातून ओढून वाळूवर आणले आणि काँक्रीटच्या पायावर बसवले. सुमारे साडेपाच कोटी रुपये खर्च आला. निवृत्त नौसैनिक तेथे वाटाडे म्हणून काम करतात, त्यामुळे पाणबुडीबरोबर ती चालवण्याचे ज्ञानही काही अंशी वापरात राहिले आहे. कुरसुरा विक्रांतच्या मानाने फार लहान आहे, आणि विक्रांतला अशा रीतीने वाळूवर ओढणे शक्य नव्हते, हे मान्यच आहे. तरी एक फरक आकाराशी संबंधित नाही : तेथे निवृत्ती आणि नवा उपयोग यांच्यात रिकामा काळ जवळजवळ राहिलाच नाही. तो काळ राहिलाच तर काय करावे, याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेची ‘मिडवे’ ही विक्रांतहून कितीतरी मोठी विमानवाहू नौका १९९२ मध्ये निवृत्त झाली आणि सॅन दिएगोमध्ये संग्रहालय म्हणून उघडली ती २००४ मध्ये. मधली बारा वर्षे तिला राखीव ताफ्यात जपून ठेवण्यात आले होते, आणि नंतर तिचा कारभार एका स्वतंत्र ना-नफा संस्थेने पूर्णपणे आपल्याकडे घेतला.

विक्रांतनंतर विराट

विक्रांतच्या तोडणीनंतर तीनच वर्षांत मुंबईसमोर तोच प्रश्न पुन्हा आला. ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका, मूळची ब्रिटिश ‘हर्मिस’, ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने तिला सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीजवळ समुद्रात बसवून संग्रहालय आणि सागरी पर्यटन केंद्र करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. योजना कागदावर राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये विराट अलंगला नेण्यात आली. तिचा भाव ३८ कोटी ५४ लाख रुपये आला होता. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने काही काळ तोडणी थांबवली, पण तोवर तिचा बराच भाग सुटा झालेला होता आणि ते प्रकरणही तेथेच संपले.

दोन्ही प्रकरणांत पर्याय दोनच मानले गेले : सगळीच्या सगळी नौका, शेकडो कोटींचा प्रकल्प करून, वाचवायची, नाहीतर सगळीच मोडीत द्यायची. मधल्या पायरीचा, म्हणजे लेव्हायथनच्या बॉयलरच्या वाटेचा, गंभीरपणे विचार झाला नाही. विक्रांतच्या डेकवरची मनोऱ्यासारखी इमारत, जिला नौदलात ‘आयलंड’ म्हणतात, जमिनीवर उतरवून जशीच्या तशी उभी करता आली असती. स्की-जंपचा एक तुकडा आणि बॉयलरच्या खोलीचा एक भाग तिच्याशेजारी ठेवता आला असता. असे तुकडे किनाऱ्यापासून आत ठेवले तर त्यांना तरंगत्या तळाच्या तुलनेत नगण्य निगा लागते. मोठी स्वप्ने पाहणाऱ्यांना हा उपाय तोकडा वाटला असता. तोडणीआधीच्या सहा महिन्यांत तो कोणाला सुचला असता तर कदाचित पुरेसाही ठरला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सिंधुदुर्गच्या समुद्रात आता वेगळा प्रयोग योजला गेला आहे. २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका स्वच्छ करून निवती खडकांजवळ समुद्रतळाशी ठेवायची आणि तिच्यावर प्रवाळ व माशांना आसरा मिळेल असे पाण्याखालचे संग्रहालय करायचे, अशी ही कल्पना आहे. गंजाशी झुंजत बसण्याऐवजी समुद्राकडूनच तिचा सांभाळ करून घेण्याचा हा मार्ग आहे. त्याचे भलेबुरे परिणाम कळायला वर्षे जातील. मात्र नौका निवृत्त झाल्यानंतर फार काळ जाऊ न देता ती राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे सोपवली गेली, एवढा धडा तरी कोणीतरी घेतलेला दिसतो.

विक्रांतमधून निघालेली एक वस्तू मात्र ना संग्रहालयात गेली, ना भट्टीत. नौकेची पितळी घंटा निवृत्तीनंतर दिल्लीत नौदलाच्या उपप्रमुखांच्या निवासस्थानी ठेवलेली होती. कोचीच्या गोदीत बांधलेली नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत दाखल झाली. तिने जुन्या नौकेचे नाव घेतले, ‘आर ११’ हा क्रमांकही घेतला. त्याआधी काही महिने ती जुनी घंटा तिच्या नियोजित कप्तानाच्या हवाली करण्यात आली होती. १९६१ पासून जी घंटा एका नौकेवर पाळ्या बदलताना वाजत असे, ती आता दुसऱ्या नौकेची आहे.